अतिवर्णपटीय उपग्रह प्रतिमांकन

पृथ्वीपृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचे अनेक, बहुधा शेकडो, अरुंद व एकमेकांस लागून असलेल्या तरंगलांबी-पट्टांत विभाजन करून त्या प्रत्येक पट्टातील प्रतिमा एकाच वेळी मिळविण्याच्या तंत्रास अतिवर्णपटीय प्रतिमांकन म्हणतात. साध्या रंगीत छायाचित्रात तांबडा, हिरवा व निळा असे तीनच पट्ट असतात. बहुवर्णपटीय संवेदकांत पट्टांची संख्या अधिक असली, तरी ते मोजके व रुंद असतात. उदा., १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहावरील संवेदकांत चार पट्ट होते. अतिवर्णपटीय प्रतिमेतील प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे प्रतिमेच्या सर्वांत लहान चौकोनाचा, जवळजवळ अखंड वर्णपट मिळतो. त्यामुळे पृष्ठभाग कसा दिसतो एवढेच नव्हे, तर तो कशाचा बनलेला आहे, हेही अनेकदा सांगता येते.

तत्त्व : प्रत्येक पदार्थ काही विशिष्ट तरंगलांब्यांचा प्रकाश शोषून घेतो व उरलेला परावर्तित करतो. वनस्पतींतील हरितद्रव्य सु. ६७० ते ६८० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषते, तर पानांची अंतर्गत रचना त्यापलीकडील अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठविते. नीलहरित शैवलांतील एका रंगद्रव्याचे शोषण ६२० नॅनोमीटरच्या आसपास, लोहाच्या ऑक्साइडांचे ८५० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान, तर केओलिनाइट या मृद्-खनिजाचे २,२०० नॅनोमीटरजवळ आढळते. अशी शोषणे अरुंद असल्याने रुंद पट्टांच्या संवेदकांत ती पुसली जातात. सु. १० नॅनोमीटर रुंदीच्या पट्टांत मात्र ती स्पष्ट उमटतात. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात वातावरणातील बाष्प, वायू व धूलिकण यांचा परिणाम मिसळलेला असतो. तो गणिताने वजा केल्यावरच पृष्ठभागाचा खरा वर्णपट हाती येतो.

आंतरराष्ट्रीय सहकार्य : या क्षेत्रात राष्ट्रांना एकत्र यावे लागते, याची कारणे तांत्रिक आहेत. प्रकाश शेकडो पट्टांत वाटला गेल्याने प्रत्येक पट्टास थोडाच प्रकाश मिळतो. परिणामी एका फेरीत टिपला जाणारा भूपट्टा अरुंद, पुष्कळदा केवळ ३० किमी. रुंदीचा असतो व एकाच उपग्रहास त्याच स्थळी वारंवार येता येत नाही. अनेक देशांची निरीक्षणे जोडावयाची, तर त्यांची मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत. त्यासाठी नामिबियातील गोबाबेब, फ्रान्समधील ला क्रो व अमेरिकेतील रेलरोड व्हॅली यांसारख्या स्थळी जमिनीवर सतत मोजमाप केले जाते व विविध देशांचे संवेदक त्याच्याशी ताडून पाहिले जातात. या समन्वयात १९८४ साली स्थापन झालेल्या भूनिरीक्षण उपग्रहविषयक समितीचा मोठा वाटा असून भारतीय अवकाश संशोधन संस्था (इस्रो) तिची सदस्य आहे.

अमेरिकेच्या नासा संस्थेने २१ नोव्हेंबर २००० रोजी सोडलेल्या ईओ-१ या उपग्रहावरील हायपेरियन या उपकरणाने अवकाशातून अशा प्रतिमा नियमितपणे मिळविता येतात, हे दाखवून दिले. हा उपग्रह २०१७ पर्यंत कार्यरत होता. यूरोपीय अवकाश संस्थेचा प्रोबा-१ हा उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून भारतीय अग्निबाणाने कक्षेत नेला. त्यावरही क्रिस नावाचा याच प्रकारचा संवेदक होता. भारताने २८ एप्रिल २००८ रोजी सोडलेल्या आयएमएस-१ उपग्रहावर ६४ पट्टांचा संवेदक होता. त्याचा पिक्सेल सु. ५०० मी. चा होता आणि त्याची माहिती विकसनशील देशांना उपलब्ध करून देण्याचा हेतू होता. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला निघालेल्या चंद्रयान-१ वरील नासाच्या खनिजमापक उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाणी व हायड्रॉक्सिल यांचे अस्तित्व दाखविले. हे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाले. चंद्रासाठी वापरलेले तंत्र व पृथ्वीनिरीक्षणाचे तंत्र मूलतः एकच होय.

इस्रो व नासा यांनी २०१५-१६ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये भारतात विमानातून संयुक्त सर्वेक्षण केले. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेचे ॲव्हिरिस-एनजी हे उपकरण इस्रोच्या विमानात बसवून खनिजक्षेत्रे, वने, शेती व किनारी जलाशय यांच्या प्रतिमा घेण्यात आल्या. त्यांत राजस्थानातील जहाजपूर, कर्नाटकातील हट्टी व ओडिशातील चिल्का सरोवर या परिसरांचा समावेश होता. विमान जात असताना शास्त्रज्ञांची पथके जमिनीवर मापे घेत होती. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी इस्रोने हायसिस हा उपग्रह सोडला. त्यानंतर इटलीचा प्रिस्मा (२०१९) व जर्मनीचा एन्मॅप (२०२२) हे उपग्रह, तसेच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील जपानचे हिसुई (२०१९) व नासाचे एमिट (२०२२) ही उपकरणे कार्यान्वित झाली.

उल्हास खोऱ्यातील उपयोग : या तंत्राची उपयुक्तता व मर्यादा ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात एकत्र पाहावयास मिळतात. राजमाचीजवळ उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ व बदलापूरवरून कल्याणकडे वाहते. बारवी धरणाचे पाणी तिच्याद्वारे येऊन जांभूळ येथे उचलले जाते व शुद्ध करून उद्योगांना आणि ठाणे जिल्ह्यातील शहरांना पुरविले जाते. अंबरनाथ व बदलापूर येथे रासायनिक कारखाने आहेत. अंबरनाथ परिसरातील टेकड्यांतून निघणारी वालधुनी नदी इ. स. १०६० च्या प्रसिद्ध शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरते व कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. सांडपाणी व औद्योगिक उत्सर्गामुळे ती दीर्घकाळ दूषित राहिली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतले गेल्याने पसरलेल्या वायूची उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना बाधा झाली.

बारवी जलाशयासारख्या विस्तीर्ण पाण्यात शैवले व गाळ यांचे प्रमाण ३० मी. च्या पिक्सेलनेही अजमावता येते. उल्हास नदीच्या पात्रात पसरणारी जलपर्णी सामान्य उपग्रहांनाही दिसते. तथापि जलपर्णी, शैवलाचा थर व काठावरील गवत यांत भेद करण्यास अखंड वर्णपट अधिक उपयोगी पडतो. बेसाल्टी खडक व बदलापूरच्या दक्षिणेस माथेरानच्या पठारावर आढळणारा जांभा यांच्यातील फरकही लोह-ऑक्साइडे व मृद्-खनिजे यांच्या शोषणावरून ओळखता येतो.

मर्यादा : वालधुनीसारख्या अरुंद प्रवाहाचे निरीक्षण अवघड असते. ३० मी. बाजूच्या पिक्सेलचे क्षेत्रफळ ९०० चौ. मी. भरते. त्यातून १० मी. रुंदीचा प्रवाह सरळ गेला, तर पाण्याचा वाटा जेमतेम एक-तृतीयांश राहतो. शिवाय पाणी फारच थोडा प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे छपरे, रस्ते व झाडी यांचाच वर्णपट वरचढ ठरतो. विमानातील ॲव्हिरिस-एनजीचा पिक्सेल सु. ४ ते ८ मी. चा असल्याने त्यास असा प्रवाह निराळा दिसू शकतो, परंतु विमानसर्वेक्षण नित्य करता येत नाही. हे संवेदक परावर्तित सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने रात्री सोडलेला उत्सर्ग त्यांस दिसत नाही व पावसाळ्यात ढगांचा अडथळा येतो. सर्वांत मूलभूत मर्यादा म्हणजे पाण्यात अल्प प्रमाणात विरघळलेले जड धातू व अनेक वर्णहीन रसायने यांची ओळखण्याजोगी खूण या वर्णपटात उमटत नाही. रंग, गाढूळपणा व शैवलांची वाढ यांवरून त्यांचा केवळ अप्रत्यक्ष संशय घेता येतो.

त्यामुळे उपग्रहाची प्रतिमा काठावरील तपासणीची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हास नदीच्या ठराविक स्थळांचे नमुने तपासते. असे नमुने उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळी घेतले व विविध देशांच्या प्रतिमांशी ताडले, तर नमुन्यामुळे प्रतिमेचा अर्थ निश्चित होतो आणि एका ठिकाणचा नमुना किती क्षेत्रास लागू पडतो, हे प्रतिमेवरून कळते. नमुना नसेल, तर प्रतिमेतील बदलास निश्चित कारण जोडता येत नाही.