खारजमिनीचा हालता आलेख

ऑनलाइन पाठांत आलेख नुसता छापून दाखवावा कीं शिकणाराच्या बोटासरशी तो हालावा, या प्रश्नाशीं शेतकरी बंधूंचा काय संबंध, असें कोणी विचारील. आमचें आयुष्य महसूल कचेरींत आंकडे उतरून घेण्यांत गेलें. आलेखाशीं आमचाही संबंध नव्हता. परंतु राई, मुर्धे, मोर्वा या बाजूस ज्या घरांकडे अद्याप भातशेती आहे, त्यांच्याकरितां खारजमिनीविषयीं एक लहानसा पाठ तयार करण्याचें काम आमच्याकडे आलें, व त्यांत आमच्या हातून जी चूक झाली ती वाचकांपुढें मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

मूळ हिशेब सोपा आहे. मास व हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं असें मांडलें कीं, जमिनीची क्षारता ३ डेसिसायमनपर्यंत असेल तर भाताचें उत्पन्न घटत नाहीं. त्यापुढें दर एका डेसिसायमनास तें शेंकडा १२ नें उतरतें. म्हणजे ५ वर ७६, ७ वर ५२. येथें शंभर म्हणजे गोड्या जमिनींत तेंच वाण जें देईल तें. आम्हीं संगणकावर दोन रकाने केले. एकांत क्षारता, दुसऱ्यांत उत्पन्न. पुतण्यानें त्यांस आलेख जोडून खालीं सरकपट्टी बसविली. पट्टी ओढावी, कीं रेषेवरचा ठिपका खालीं उतरावा.

चूक उभ्या मापांत होती. तें आम्हीं शून्याऐवजीं ५० पासून सुरू केलें. पन्नास पैशांच्या आंत आणेवारी आली म्हणजे पीक बुडालें, ही कचेरींतील संवय अंगांत मुरलेली. शिवाय रेषा मोठी व ठळक दिसे, त्याचें आम्हांस कौतुकच वाटलें! आमच्या एका शेजाऱ्यांच्या जमिनीचा आंकडा ७ होता. त्यांनीं पट्टी ७ वर नेली, आणि ठिपका अगदीं तळाशीं जाऊन बसला. राबांत रोपें तयार असतां त्यांनीं लावणीच्या मजुरांस नको म्हणून कळविलें. “भाऊसाहेब, तुमच्या चित्रांत माझें भात तळाला गेलें, मग मजुरी कशाला घालवूं?” असें ते म्हणाले, तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला. अर्धें पीक हातीं येणार होतें, आणि आमच्या चित्रानें तें शून्य ठरविलें होतें. त्यांची समजूत घालून लावणी झाली, पण आठ दिवस उशिरा.

आतां माप शून्यापासून आहे. दुसरी एक सुधारणा आम्हीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्राच्या २०१५ सालच्या प्रयोगावरून घेतली. खरी रेषा दाखविण्यापूर्वीं वाचकानें स्वतःच्या अंदाजाची रेषा काढावी, अशी ती युक्ति. प्रथम आम्हांस तो पोरखेळ वाटला. परंतु आमच्याकडील बहुतेकांनीं पहिल्या घरापासूनच उतरती रेषा काढली. ३ पर्यंत रेषा सपाट असते हें पाहून जें त्यांच्या लक्षांत राहिलें, तें तासभर सांगून राहिलें नसतें.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र आंकडा कोठून आणला यांत होतो. वरील हिशेब संपृक्त मातीच्या लगद्यांतून काढलेल्या पाण्याचा आहे. आपल्याकडील प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातींत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून मोजतात; तेथें क्षार पातळ होऊन आंकडा कमी येतो. तो तसाच पट्टीवर घातला कीं खारट शेतही गोड दिसतें. शिवाय वैशाखांतील आंकडा आषाढांत राहत नाहीं. पावसानें क्षार धुतला जातो, म्हणून तर खारांत पावसाळी भात होतें. आणि बांध फुटून भरतीचें पाणी आंत आलें, तर सगळाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें काढलेलीं क्षार सोसणारीं वाणेंही या रेषेस जुमानीत नाहींत.

म्हणून सरकपट्टीच्या वरच, तांबड्या चौकटींत, “आपला आंकडा कोणत्या रीतीनें व कोणत्या महिन्यांत काढला?” हा प्रश्न आम्हीं घातला आहे, उत्तर दिल्यावांचून पट्टी हालत नाहीं. ज्यांची नजर मंद आहे किंवा मोबाइल जुना आहे, त्यांच्यासाठीं तेच आंकडे खालीं साध्या कोष्टकांत दिले आहेत. शेजाऱ्यांनीं यंदा तें कोष्टकच पाहिलें, आलेख उघडला नाहीं.