खांबावरचा माणूस



पावसाळ्याचे दिवस. रात्री सोसाट्याचा वारा सुटतो, दूर कुठेतरी कडाड्‌ असा आवाज होतो आणि घरातले दिवे फट्‌दिशी मालवतात. ‘गेली वाटतं!’ असे म्हणून आपण मेणबत्ती शोधतो आणि थोड्या वेळाने अंथरुणात शिरतो. नेमका त्याच वेळी एक माणूस रेनकोट चढवून, हातात टॉर्च घेऊन घराबाहेर पडत असतो. गावात त्याला वायरमन म्हणतात. महावितरण कंपनीने त्याला ‘जनमित्र’ असे छान नाव दिले आहे. पण हाक मारताना सगळे ‘वायरमन’च म्हणतात.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. २००५ साली त्याची विभागणी झाली आणि घरोघर वीज पोहोचवण्याचे काम महावितरणकडे आले. मुंबईचा बराचसा भाग सोडला तर राज्यातील बहुतेक खेडी आणि शहरे याच कंपनीच्या तारांवर उजळतात. उपकेंद्रातून ११,००० व्होल्ट दाबाची तार निघते. तिला फीडर म्हणतात. ती रानावनातून गावाजवळच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘डीपी’पर्यंत येते. तेथे दाब उतरतो आणि घरात २३० व्होल्टची वीज येते.

आता फीडर बंद पडला. दोष नेमका कोठे आहे? एखाद्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला केसाएवढी चीर गेली असेल, तर दिवसाउजेडीही ती दिसत नाही. मग वायरमन काय करतो? तो लाइनच्या मधला स्विच उघडतो आणि उपकेंद्राकडील अर्धी लाइन चालू करून पाहायला सांगतो. ती टिकली तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. पुन्हा ‘ट्रिप’ झाली तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग! कागदावर करून पाहा. लाइनचे ३२ भाग कल्पिले, तर केवळ पाच खेपांत दोषाचा भाग सापडतो. अर्थात प्रत्यक्षात स्विच मोजक्याच ठिकाणी असतात. त्यामुळे शेवटचे दोन-तीन किलोमीटर चिखल तुडवीत, खांबामागून खांब पाहत जावेच लागते.

दोष सापडला, आता खांबावर चढायचे. लाइन तर बंदच आहे, मग भीती कसली? थांबा, खरी गोम येथेच आहे. बंद केलेली लाइन आणि निर्धोक लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वायरमन प्रथम उपकेंद्रातून ‘परमिट’ घेतो. तेथला ऑपरेटर स्विच उघडतो, ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी लावतो, वहीत नाव आणि वेळ लिहितो. ज्याने परमिट घेतले त्याने ते परत केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, मग कोणाचाही फोन येवो. त्यानंतर टेस्टरने तार तपासायची आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारांवर अर्थिंगच्या दांड्या अडकवायच्या. चुकून लाइनमध्ये वीज आलीच, तर ती या दांड्यांच्या जाड तारेतून जमिनीत जाते आणि उपकेंद्रातील ब्रेकर क्षणात उघडतो.

यात एक क्रम कटाक्षाने पाळतात. अर्थिंगच्या तारेचे टोक आधी जमिनीला जोडायचे, मगच दांडी लाइनला अडकवायची. काढताना बरोबर उलट. असे का बरे? समजा, आधी दांडी लाइनवर टाकली आणि लाइन जिवंत निघाली, तर सगळा दाब त्या मोकळ्या टोकापर्यंत येणार. आणि ते टोक तर आपल्या हातात!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पन्नासच्या वाऱ्याने खांबाला बसतो त्याच्या चौपट धक्का शंभरच्या वाऱ्याने बसतो. नारळी-पोफळीची झाडे तारांवर कोसळली, त्यांच्या ओढीने खांब मोडले, रोहित्रे खाली आली. इतर जिल्ह्यांतून कामगारांच्या तुकड्या आल्या, त्याही टाळेबंदीच्या दिवसांत, खानावळी बंद असताना. सिमेंटचा एक खांब तीनशे किलोंहून जड असतो. बागांतून आणि खाचरांतून ट्रक जात नाही. तेथे दोर, बांबू आणि पंधरा-वीस खांदे हेच वाहन. गावकऱ्यांनी खांदा दिला नाही, तर एकट्या वायरमनने काय करावे?

पण गावाकडून, कळत नकळत, त्याच्या जिवाला धोकाही होतो. अंधार लांबला की कोणी जनित्र आणते आणि सरळ घराच्या वायरिंगला जोडते. रोहित्राला उलटसुलट कळत नाही! ११,००० व्होल्टच्या बाजूने वीज दिली तर ते दाब उतरवते. घराच्या बाजूने दिली तर तेच रोहित्र दाब चढवते. आपल्या जनित्राचे २३० व्होल्ट उलट्या वाटेने डीपीतून जाऊन हजारो व्होल्ट होऊन वर येऊ शकतात. वर खांबावर माणूस आहे. त्याने परमिट घेतलेले असते, पण आपल्या जनित्राची नोंद उपकेंद्राच्या वहीत कोठे असणार! मग अर्थिंगच्या त्या दांड्या तेवढ्या त्याच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभ्या राहतात. जनित्र लावायचेच तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याची मूठ एका वेळी एकाच बाजूला राहते, एक तर कंपनीची लाइन, नाही तर जनित्र.

आणि तुटून पडलेली तार? तिच्यातून ठिणगी उडत नसली तरी ती मेली असे समजू नका. जिवंत तार जमिनीवर पडली की प्रवाह मातीत चहूकडे पसरतो आणि तारेपासून जो जो दूर जावे, तो तो दाब कमी होत जातो. लांब टांग टाकली, तर एका पायाखाली जास्त दाब, दुसऱ्याखाली कमी; मग त्या फरकाने प्रवाह पायांतून वाहतो. गायीगुरांचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने ती अशा जागी लवकर दगावतात. नकळत जवळ गेलाच असाल, तर पाय जुळवून, तसेच घासत घासत दूर व्हा. इतरांनाही तिकडे फिरकू देऊ नका आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

कळवताना नुसते ‘आमच्याकडे लाइट नाही’ म्हणू नका. तार कोणाच्या शेतात पडली, कोणत्या डीपीजवळ, जवळ ओढा आहे की देऊळ, हे नीट सांगा. पावसात टॉर्च घेऊन निघालेल्या माणसाची निम्मी पायपीट तेवढ्याने वाचते.