कापडी छत आणि घोटीचा पाऊस

मुंबई-आग्रा महामार्गावरचं घोटी हे भातशेतीचं आणि धो धो पावसाचं गाव. शेजारच्या इगतपुरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची नवी थार २०२० मध्ये आली, ती उघडता येणाऱ्या कापडी छतासहही. अशा पावसात त्या गाडीत पाणी अडवतं ते दारांच्या आणि छताच्या कडांचं रबरी बीडिंग.

मग गाडी चालताना तेच करकरतं, ते का?

दबलेलं रबर समोरच्या पृष्ठभागाला चिकटतं, गाडी हलली की ताणलं जातं आणि एकदम सुटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की आवाज उमटतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच होतं. धूळ बसून रबर कोरडं पडलं की करकर वाढते.

उपाय सोपा आहे. बीडिंग सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसावं, पूर्ण वाळू द्यावं आणि फडक्यानं सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर चोळावा. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जेली मात्र लावू नये. बहुतेक बीडिंग ईपीडीएम रबराचं असतं. ते ऊन आणि ओझोन सोसतं, पण खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं.

पावसाळ्याआधी कागदाची पट्टी बीडिंगवर धरून दार लावावं आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली, तर पाणी तिथूनच शिरणार.