पडद्यावरची माणसं जाड का दिसायला लागली?

आज आम्ही लोणच्याचं, शेळीपालनाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज आमच्या गटाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय. त्याच्या पडद्यानं आम्हाला दोन महिने दमवलं, आणि गटाच्या पेटीतले साडेसहा हजार रुपये जाता जाता राहिले.

आम्ही जिंतूर तालुक्यातल्या. आजूबाजूच्या गटांचे हिशेब आमच्याच खोलीत ठेवले जातात. कॉम्प्युटर जुना, शहरातल्या एका ऑफिसनं काढून टाकलेला. त्यात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार कंपनीनं थांबवला, आणि विंडोज ११ आमचं मशीन काही घेईना. आमच्या एका ताईंचा मुलगा नांदेडला शिकतो. तो दिवाळीत आला आणि लिनक्स मिंट टाकून गेला. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या मशीनवर ते चालतं, आणि मराठीही दिसतं. आपल्याकडं लिनक्स काही अगदी परकं नाही बरं का. सी-डॅक या सरकारी संस्थेनं २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं, आणि लिनक्सवर मराठी दाखवणारे ‘लोहित’ नावाचे फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळले.

सगळं छान चाललं होतं. मग उंदरानं पडद्याची वायर कुरतडली.

आम्ही बाजारातून दुसरी वायर आणली, लावली, आणि पडदा लागला. पण काहीतरी बिघडलं होतं. अक्षरं मोठी आणि पसरट. फोटोतल्या बाया जाडजूड. वहीसारख्या मांडलेल्या तक्त्यात ‘परतफेड’चा रकाना पडद्याबाहेर गेला. ऑनलाइन अर्ज भरताना खालचं ‘सबमिट’ बटणच दिसेना. त्यात कडा धुरकट, म्हणून अनुस्वार गायब. ‘गंगाबाई’ची ‘गगाबाई’ झाली. एकदा ३ चा ८ वाचला गेला आणि एका बाईच्या नावावर पाचशे रुपये जास्तीचे निघाले. ती बिचारी बैठकीत सगळ्यांसमोर रडली. चूक तिची नव्हती, आमचीही नव्हती. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक?

आमच्या कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, “मह्याच हातानं काहीतरी दाबल्या गेलं असंल गं.” त्यांनी महिनाभर माऊसला हात लावला नाही. आम्हाला सगळ्यात वाईट याचं वाटलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, की हे लिनक्स काढा, विंडोज टाका, ग्राफिक कार्ड नवं घ्या, साडेसहा हजार होतील. बैठकीत ठराव मांडायची वेळ आली, तेव्हा आमच्यातल्या एकीनं विचारलं, “पर हे कधीपासून व्हायलंय? वायर बदलल्यापासूनच ना? मंग कार्डाला कामून दोष देता?” या एका प्रश्नानं पैसे वाचले.

आता यामागचं कारण. ते जरा नीट ऐका, कारण सगळी मेख तिथंच आहे.

पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. आमच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. याला रिझोल्यूशन म्हणतात. कॉम्प्युटरनं चित्र बरोबर तेवढ्याच ठिपक्यांचं पाठवलं तर ते स्वच्छ दिसतं. कमी ठिपक्यांचं पाठवलं तर पडदा ते ओढून ताणून आपल्या जागेत बसवतो, आणि ताणलेलं लुगडं जसं विरळ दिसतं तसं चित्र धुरकट होतं.

कॉम्प्युटरला पडद्याचं माप कळतं कसं? तर पडदा स्वतःच सांगतो. आपण शिंप्याकडं कापड टाकताना सोबत मापाचं ब्लाऊज देतो की नाही? तसं प्रत्येक पडद्याच्या आत एक छोटी चिठ्ठी असते. तिचं नाव इ-डी-आय-डी. मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची, आणि १९९४ पासून ही रीत चालू आहे. कंपनी कोणती, ठिपके किती, सेकंदाला चित्र किती वेळा बदलायचं, हे तिच्यात असतं. कॉम्प्युटर ती वायरीतून वाचतो.

आमची वायर व्ही-जी-ए जातीची, निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली. ही जात १९८७ ची. तिच्यात तीन ओळींत पंधरा पिना. त्यातल्या शेवटच्या ओळीतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून ती चिठ्ठी जाते. रंग आणि चित्र दुसऱ्या पिनांवरून जातं. स्वस्त वायरीत कधी कधी या दोन तारा घातलेल्याच नसतात. म्हणून फसगत होते, कारण पडदा लागतो, रंग येतात आणि वायर चांगली वाटते. फक्त मापाचं ब्लाऊज पोचत नाही. मग शिंपी काय करणार? अंदाजाचं माप घेणार. चिठ्ठी मिळाली नाही की लिनक्स साधारणपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतं. हे माप जुन्या चौकोनी पडद्यांचं. आमच्या रुंद पडद्यावर ते ताणलं की प्रत्येक गोष्ट तिसऱ्या हिश्श्यानं जास्त रुंद होते. म्हणून बाया जाड!

तुमच्याकडं असं झालं तर आधी बांगडी घ्या. हो, खरंच. पडद्यावर एखादं गोल चित्र उघडा आणि बांगडी जवळ धरा. चित्र आडवं लंबगोल दिसत असेल तर माप चुकलंय. गोल गोलच आहे पण सगळं नुसतं मोठं दिसतंय, तर माप बरोबर असू शकतं, फक्त वाढवून दाखवण्याचा आकडा दुप्पट झालेला असतो. तो डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच ‘स्केल’ नावाखाली सापडतो, तो १०० टक्क्यांवर आणा.

माप चुकलं असेल तर पुढचं काम वायरीचं. कॉम्प्युटर बंद करा. वायर दोन्ही टोकांना काढा, पिना वाकल्यात का बघा, परत सरळ बसवून स्क्रू आवळा. एखादी पिन दिसत नसेल तर लगेच घाबरू नका, ९ नंबरची पिन बऱ्याच वायरींत मुळातच नसते. उलट सगळ्या पिना दिसल्या तरी आत तार असेलच असंही नाही. खरी परीक्षा एकच, शेजारच्या शाळेतून नाहीतर झेरॉक्सवाल्याकडून चालू असलेली दुसरी वायर तासभर मागून आणा. आणि आधी पडदा चालू करा, मग कॉम्प्युटर. आपल्याकडं लाइट जाते-येते, कॉम्प्युटर आधी उठतो आणि पडदा झोपलेला असतो. तेव्हाही चिठ्ठी वाचायची राहून जाऊ शकते. मध्ये एखादा कन्व्हर्टर, म्हणजे नव्या एच-डी-एम-आय तोंडाला जुनी वायर जोडणारी डबी असेल, तर तीही चिठ्ठी गिळू शकते.

एवढं झालं की मेनूत ‘डिस्प्ले’ उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत तुमच्या पडद्याचं माप दिसतंय का बघा. ते माप पडद्याच्या खोक्यावर असतं, नाहीतर मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर मोबाइलवर शोधला की मिळतं. दिसलं तर निवडा आणि ‘अप्लाय’ दाबा. पडदा काळा झाला तर काही दाबू नका, हात जोडून बसा. तुम्ही होकार दिला नाही तर काही सेकंदांत जुनं माप आपोआप परत येतं. हे ऐकल्यावर आमच्या काकूंची भीती निम्मी गेली.

यादीत माप नाहीच आणि वायर मिळायला वेळ आहे, तर तोवर माप हातानं सांगता येतं. आम्ही परभणीहून वायर येईपर्यंत आठ दिवस असंच चालवलं. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची. रेडिओवर अक्षरं सुटी करून सांगितली होती, इथंही तशीच ठेवतो. टंकायची मात्र इंग्रजीतच, आकडेसुद्धा. पहिला शब्द एक्स-आर-ए-एन-डी-आर, मग एंटर. जोडलेल्या पडद्याचं नाव दिसेल, आमचं व्ही-जी-ए-वजा-१ असं होतं. ते कागदावर लिहा. मग सी-व्ही-टी, जागा, १३६६, जागा, ७६८, एंटर. ‘मोडलाइन’ शब्दानं सुरू होणारी आकड्यांची लांब ओळ येईल. त्यात १३६६ च्या जागी १३६८ दिसलं तर चुकलो असं समजू नका. तो हिशेब आठच्या पाढ्यात चालतो आणि १३६६ ला आठनं भाग जात नाही.

आता पहिलाच शब्द पुन्हा, जागा, दोन वजा आणि त्याला चिकटून ‘न्यूमोड’, जागा, आणि ‘मोडलाइन’ शब्दाच्या पुढची सगळी ओळ जशीच्या तशी चिकटवायची. एंटर. मग पहिला शब्द, दोन वजा ‘अ‍ॅडमोड’, पडद्याचं नाव, आणि त्या ओळीत अवतरणात असलेलं मापाचं नाव. एंटर. आता ते माप डिस्प्लेच्या यादीत येतं, तिथून निवडा. कडा थोडी कापली गेली तर पडद्यावरचं ‘ऑटो’ बटण दाबा. आमचं तेवढ्यानं सरळ झालं. हा उपाय कॉम्प्युटर बंद केला की पुसला जातो. नांदेडच्या पोरानं दोन्ही ओळी ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये टाकून दिल्या, म्हणून रोज टंकाव्या लागल्या नाहीत. ही युक्ती मिंटवर चालते. उबंटूसारख्या काही लिनक्समध्ये पडद्याची व्यवस्था आता वेगळी असते, तिथं ती चालेलच असं नाही.

दुरुस्तीवाल्यावर आमचा राग आहे, पण एक खरं सांगायला हवं. कधी कधी दोष ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. इंटेल आणि ए-एम-डी यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुतेक आधीच असतात, एनव्हिडियाचा बऱ्याचदा वेगळा घालावा लागतो. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे, तो उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर निवडा. त्यालाही पैसे नाहीत. कुणी नवं कार्ड सांगितलं तर आधी विचारा, वायर बदलून पाहिली का?

अर्जाची मुदत आजच संपतेय आणि बटण दिसत नाही, असं झालं तर? कंट्रोल धरून वजाचं बटण दाबा, पान लहान होतं. खिडकीच पडद्याबाहेर गेली असेल तर ऑल्ट धरून माऊसनं ती वर ओढा. आमचे दोन अर्ज असेच गेले.

नवी वायर १८० रुपयांना पडली. ती लावली, आधी पडदा, मग कॉम्प्युटर, आणि यादीत १३६६ बाय ७६८ आपोआप आलं. परतफेडीचा रकाना परत दिसला. त्या पाचशे रुपयांची दुरुस्ती आम्ही भर बैठकीत वाचून दाखवली, कारण रडवलंही भर बैठकीतच होतं.

काकू मात्र नाराज! म्हणाल्या, “आता अक्षरं बारीक दिसायलीत. मला पहिलंच बरं होतं.” साठी ओलांडलेल्या डोळ्यांना मोठं अक्षर हवंच, त्यात लाजायचं काय? पण त्यासाठी माप बिघडवायचं नाही. मिंटमध्ये ‘फॉन्ट सिलेक्शन’मध्ये ‘टेक्स्ट स्केलिंग’चा आकडा असतो. आम्ही तो १ वरून १.३ केला. अक्षरं मोठी झाली, स्वच्छ राहिली, अनुस्वारही जागेवर. काकू आता रोज हिशेब स्वतः भरतात, आणि उंदीर येऊ नये म्हणून वायर प्लास्टिकच्या नळीत घालून वर खिळ्याला बांधलीय, तीही त्यांनीच.