सर्व्हरला आग लागली, तर पाणी मारायचं का?

लिंबागणेशच्या थांब्यावर बीडच्या एसटीची वाट बघता बघता तुम्ही मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता. 'सबमिट' दाबलं की काम झालं. पण तो अर्ज, तुमचा निकाल, वडिलांचा सातबारा हे सगळं राहतं कुठे? कुठल्या तरी बंद, थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर. उद्या त्या खोलीलाच आग लागली तर?

उगाच घाबरवत नाहीये. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालय पेटलं. पाच जणांचा जीव गेला आणि फाइलींचे ढीग राख झाले. आता फाइली सर्व्हरवर गेल्यात, पण आग तिथेही पोचते. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला आणि त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती.

मग अशा खोलीत बसवायचं काय? पाण्यानं आग विझते, पण चालू यंत्रंही जातात. पावडर सर्किटवर बसते आणि पुढे गंज धरते. म्हणून तिथे वायू सोडतात. तो आग विझवतो आणि मागे काही ठेवत नाही. पण नुसतं 'गॅस सिस्टिम बसवा' म्हणून भागत नाही. आधी तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, आत माणसं असतात का? कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. पण त्यानं अख्खी खोली भरायची तर प्रमाण ३४ टक्क्यांच्या वर न्यावं लागतं, आणि तेवढ्यात माणूस वाचत नाही. भिंतीवरचं छोटं सिलिंडर वेगळं, हे वेगळं. मुलं बसतात त्या लॅबमध्ये ही पद्धत नकोच. इनर्जेन हे ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आरगॉन आणि ८ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. ते खोलीतला ऑक्सिजन साधारण साडेबारा टक्क्यांवर आणतं. त्यात आग विझते, पण माणसाला बाहेर पडता येतं. सिलिंडर मात्र बरेच लागतात, म्हणजे जागाही. एफएम-२०० थोड्या सिलिंडरमध्ये भागतो आणि दहा सेकंदांत खोलीभर पसरतो. पण तो कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त तापमान वाढवणारा वायू आहे.

दुसरा, खोली खरंच बंद राहते का? वायू साधारण दहा मिनिटं आत टिकला पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर फट असेल, कुणी दाराला खुर्ची लावून ठेवली असेल, तर लाखोंची यंत्रणा फुस्स! म्हणून पंखा लावून खोलीची गळती मोजतात.

तिसरा, जळणार काय? वायर किंवा बोर्डाची आग वायूनं विझते. लिथियम बॅटरी मात्र आतून तापत राहते. ज्वाला विझली तरी पुन्हा पेटू शकते. देजॉनची आग यूपीएसच्या अशाच बॅटऱ्यांमधून सुरू झाली. म्हणून बॅटऱ्या सर्व्हरपासून वेगळ्या खोलीत हव्यात.

वायू सोडण्याची पद्धतही बघावी लागते. २०१६ मध्ये बुखारेस्टला एका बँकेनं आगीची रंगीत तालीम घेतली. वायू इतक्या जोरात सुटला, की आवाजानंच हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प झाले. आता आवाज कमी करणारे नोझल मिळतात.

तुमच्या हातात काय आहे? कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये असाल आणि भोंगा वाजला, तर बॅग शोधत बसू नका. वायू सुटायला बहुतेक ठिकाणी अर्धा मिनिटच असतो. बाहेर पडा आणि दार ओढून घ्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. आपल्या कॉलेजचा शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे, हे प्राचार्यांना विचारायला काय हरकत आहे?

आणि हो, एसटी यायच्या आत त्या अर्जाची पीडीएफ उतरवून घ्या.