गावकीची भांडी आणि जगाचे भांडार

लग्नकार्य निघाले की पूर्वी गावकीची भांडी आणीत. मोठमोठी पातेली, पराती, घंगाळी. आणि त्यांवर देणाऱ्याचे नाव कोरलेले. पण नाव आपले आहे म्हणून भांडे परत मागायला कोणी येत नसे. हाच रिवाज आज संगणकाच्या जगात चालू आहे, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

मी गणिताचा शिक्षक. प्रश्नपत्रिकेतली वर्गमुळे आणि अपूर्णांक सुबक छापून यावेत, या गरजेपोटी ‘टेक’ नावाच्या प्रणालीशी माझी ओळख झाली. १९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड नूथ यांनी आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. ती त्यांना इतकी कुरूप वाटली, की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली आणि ती जगाला मोफत दिली. मग देशोदेशीच्या लोकांनी तिच्यात भर घातली. कोणी संगीताची स्वरलिपी दिली, कोणी बुद्धिबळाचे पट, कोणी रसायनांची सूत्रे.

देणारे वाढले तशी अडचणही वाढली. काही फायली इंग्लंडमधल्या विद्यापीठात, काही जर्मनीत, काही टेक्सासात, आणि प्रत्येक ठिकाणची मांडणी वेगळी! शेवटी १९९२ साली जर्मनीचे रायनर शोप्फ व योआखिम श्रोड, इंग्लंडचे सबॅस्टियन राट्झ आणि अमेरिकेचे जॉर्ज ग्रीनवेड यांनी एक सामाईक कोठार रचले. त्याचे नाव ‘सीटॅन’. सगळीकडे फडताळे एकाच क्रमाने लावलेली आणि प्रत्येक वस्तूची प्रत अनेक देशांत ठेवलेली. एक यंत्र बंद पडले तरी कोणाचे अडू नये, हा हेतू. हा कित्ता पुढे ‘पर्ल’ भाषेच्या मंडळींनी १९९५ साली गिरवला. संख्याशास्त्रासाठी असलेल्या ‘आर’ भाषेचे असेच कोठार १९९७ साली अवघ्या १२ देणग्यांवर उघडले.

या सीटॅनमध्ये आपली देवनागरीही आहे बरे का! नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली तिची अक्षरे घडवली. रोमन कळांनी लिहायचे. टीच्या आधी टिंब दिले की ‘ट’ उमटायचा. आता थेट देवनागरीत लिहिता येते. पण माझ्या कितीतरी प्रश्नपत्रिका या दूरच्या गृहस्थाच्या देणगीवर जुळल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, फायली एका जागी ठेवण्यात अवघड ते काय? अवघड आहेत ते नियम. २०१६ सालच्या मार्च महिन्यात ‘एनपीएम’ नावाच्या अशाच एका कोठारातून एका लेखकाने नावाच्या वादात रागावून आपल्या देणग्या काढून घेतल्या. त्यांत केवळ ११ ओळींचा एक तुकडा होता. त्याचे काम काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरायची! पण त्या तुकड्यावर विसंबलेली जगभरची हजारो कामे अडली. चालकांनी काही तासांत तो परत ठेवला आणि पुढे देणगी मागे घेण्यावर बंधने घातली.

म्हणून चार मित्र मिळून असे कोठार उघडणार असतील, तर त्यांनी यंत्राच्या आधी कागद हाती घ्यावा. वस्तू कोणत्या परवान्यावर दिली, ते प्रथम लिहावे. नूथ यांची अट पाहा: प्रणालीत हवा तो बदल करा, पण मग तिला ‘टेक’ म्हणू नका. प्रत्येक देणगीला वेगळे नाव आणि वेगळा कप्पा द्यावा. ती कशी वापरायची याची चिठ्ठी सोबत ठेवावी. किल्ल्या निदान दोघांकडे असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. दिलेले परत घेता येईल का, हेही भांडण होण्यापूर्वीच ठरवावे.

आपल्या घरोघरी आज संगणक शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांनी या कोठारांतून जरूर घ्यावे. तसे घेतल्यावाचून कोणाचे चालतही नाही. पण कधी आपल्या हातून एखादा छोटा उपयोगी तुकडा तयार झाला, तर तो खणात ठेवून देऊ नये. ११ ओळींवर हजारोंचे काम चालते, हे जगाने पाहिले आहे.