विश्लेषण : मालगाडीच्या शेवटच्या डब्यासाठी अमेरिकेत स्वयंसेवक का राबतात?

अमेरिकेतल्या अनेक छोट्या शहरांत बागेच्या कडेला किंवा जुन्या स्टेशनाजवळ रुळांच्या एका तुकड्यावर एकच लाल डबा उभा दिसतो. इंजिन नाही, मागेपुढे गाडी नाही. हा 'कॅबूस', म्हणजे मालगाडीचा शेवटचा डबा. तो जपण्यासाठी निवृत्त रेल्वे कर्मचारी, सुतारकामाची आवड असलेले हौशी लोक आणि शाळकरी मुले सुट्टीच्या दिवशी विनामोबदला राबतात. पाहणाऱ्याला ते रंगकाम वाटते, पण रंग हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. तो आधी उरकला, तर डबा वाचत नाही, उलट लवकर संपतो.

कॅबूस म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे मालगाडीला गार्डचा डबा, म्हणजे ब्रेक व्हॅन असते, तिचाच हा अमेरिकी भाऊबंद, फक्त ऐसपैस. आत कोळशाची शेगडी, झोपायची फळी आणि कंडक्टरचे टेबल असे. गाडीतल्या मालाची कागदपत्रे याच टेबलावर भरली जात. जहाजावरच्या स्वयंपाकघरासाठी असलेल्या डच शब्दावरून हे नाव आले असावे, असे मानले जाते. पूर्वी अनेक रेल्वे कंपन्यांत एक कॅबूस एकाच कंडक्टरच्या नावे असे. मग खिडक्यांना पडदे लागत, भिंतीवर घरचे फोटो येत.

त्याची ओळख म्हणजे छतावरची काचेची छोटी खोली, 'क्युपोला'. तिथे बसून कर्मचारी पुढच्या सगळ्या वाघिणींवर नजर ठेवत. चाकाच्या आसाचे बेअरिंग तापले की धूर निघे. तो वेळेत दिसला नाही, तर आस तुटून गाडी घसरण्याचा धोका असे. एअर ब्रेक सर्वत्र येण्यापूर्वी तर ब्रेकमन चालत्या गाडीच्या छतावरून धावत एकेका वाघिणीचा ब्रेक हाताने आवळत. बर्फात, पावसातही. लांबलचक गाडीला बसणारा झटका शेवटच्या डब्यात सर्वाधिक जाणवे आणि आतली माणसे अक्षरशः फेकली जात. रम्य आठवणींत ही बाजू सहसा येत नाही.

हा डबा गायब का झाला?

रुळांच्या कडेला तापलेले बेअरिंग ओळखणारी यंत्रे बसली. बेअरिंगही सुधारले. पाठोपाठ गाडीच्या शेवटी अडकवायची, एका माणसाला उचलता येईल एवढी पेटी आली. ती ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब रेडिओवरून इंजिनाला कळवते आणि मागे दिवा लुकलुकवते. रेल्वे कामगारांनी तिचे नाव ठेवले 'फ्रेड'. काही राज्यांत कॅबूस सक्तीचा होता, कामगार संघटनांचाही विरोध होता. मात्र १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या मंडळाने कॅबूस हटवण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर दशकभरात मुख्य मार्गांवरून तो जवळपास नाहीसा झाला. हजारो डबे भंगारात गेले. उरलेले गावांना, संग्रहालयांना, हौशी लोकांना मिळाले. पेनसिल्व्हेनियात तर अशा डब्यांचे 'रेड कॅबूस मोटेल' आहे.

नुसता रंग का पुरत नाही?

कॅबूसचा खरा शत्रू पाणी. क्युपोला जिथे छताला टेकतो, तो सांधा सर्वात आधी गळतो. जुन्या लाकडी डब्यांच्या छतावर रंग दिलेले कॅनव्हास ताणलेले असे. ते फाटले की पाणी आतल्या आत झिरपते. बाहेरच्या भिंती एकमेकींत अडकणाऱ्या अरुंद फळ्यांच्या असतात. त्या वरून ठणठणीत दिसतात. मात्र खालच्या टोकाला, डब्याचा सगळा भार पेलणाऱ्या तुळईजवळ कुजतात. लोखंडी डब्यातही हेच होते. बाहेरचा पत्रा आणि आतले अस्तर यांच्यात ओल साठते आणि पत्रा आतून गंजतो. खिडकीच्या खालचे कोपरे आणि भिंतीचा तळ ही हमखास जागा.

अशा भिंतीवर ताजा रंग चढवला, तर ओल आतच कोंडते. सणापुरता डबा झळकतो. चार-पाच वर्षांनी रंग फुगतो, तोवर आतले लाकूड भुसभुशीत झालेले असते. म्हणून जाणकार मंडळी आधी छत बंद करतात. मग फळ्या उतरवून कुजलेली तुळई बदलतात किंवा गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करतात. खिडक्या काढून दुरुस्त करतात. मग खरवडणे, प्रायमर, लांबी, पुन्हा घासणे. आठवड्यातून एक दिवस मिळत असेल, तर एका डब्याला कित्येक वर्षे लागतात.

खरवडताना आणखी एक धोका असतो. जुन्या रंगात शिसे असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली आणि बहुतेक कॅबूस त्याआधीचे आहेत. ही धूळ नाकातोंडात जाणे लहान मुलांसाठी विशेष घातक. त्यामुळे शाळेची मुले मदतीला आली, तरी त्यांच्या हाती खरवडणी देऊ नये. त्यांनी नवा रंग लावावा किंवा अक्षरे रेखाटावीत.

लाल, पण कोणता लाल?

सगळे कॅबूस लाल होते, हा गोड गैरसमज आहे. युनियन पॅसिफिकचे नंतरच्या काळात पिवळे होते, कॉनरेलचे निळे. गावाने दानात मिळालेला डबा हौसेने लालभडक रंगवला आणि त्याचा मूळ मालक कोण हेच पुसले गेले, असे घडते. संग्रहालयांतले स्वयंसेवक भिंतीचा छोटा भाग पॉलिश पेपरने हलकेच घासतात. झाडाच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर एकाखाली एक उघडे पडतात. मग जुने फोटो पाहून अक्षरांच्या स्टेन्सिल कापल्या जातात. डबा कोणत्या वर्षीचा दाखवायचा, यावर मात्र खरा वाद रंगतो. बांधला तेव्हाचा की शेवटच्या फेरीचा? उत्तर काहीही असो, आधीच्या थरांचा एक चौकोन तसाच ठेवणे शहाणपणाचे, कारण पुढच्या पिढीला पुरावा लागेल.

पुढे काय?

इलिनॉय राज्यातल्या युनियन गावचे इलिनॉय रेल्वे म्युझियम १९५३ मध्ये हौशी लोकांनी सुरू केले आणि आजही मुख्यत्वे स्वयंसेवकांवर चालते. अशा संस्थांकडे हत्यारे, सुतार, वेल्डर आणि शेड असतात. बागेतल्या एकट्या डब्याकडे यातले काहीच नसते. कॅबूसवर प्रत्यक्ष काम केलेले कर्मचारी आता वृद्ध झाले आहेत. शेगडीची धुराडी कुठून जात होती, दिवा कुठे अडकवत, हे त्यांच्याच आठवणीत आहे. डबा हलवायचा म्हटले, तर त्याचे वजन २० टनांच्या आसपास भरते, म्हणजे क्रेन आणि ट्रेलरचा खर्च.

भारतातही काही मालगाड्यांच्या शेवटी 'फ्रेड'सारखे उपकरण बसू लागले आहे आणि गार्डचे पदनाम २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' झाले आहे. आपल्याकडे जुन्या गाड्या जपण्याचे काम मुख्यत्वे रेल्वेच करते आणि तिच्या संग्रहालयांत मान असतो तो वाफेच्या इंजिनांना आणि राजेरजवाड्यांच्या डब्यांना. दिवा-पाण्याची सोय नसलेल्या ब्रेक व्हॅनमध्ये गार्डने काढलेल्या रात्री दाखवायच्या, तर एखादी व्हॅन भंगाराच्या लिलावाआधीच बाजूला काढावी लागेल. आणि तिच्यावर छप्परही घालावे लागेल.